टर्मिनलवर माहिती आणि पासवर्ड विचारणारा कोड: नीट कसा लिहावा?

कोकणकडा

सीच्या जर्नलमध्ये एक प्रोग्राम हमखास असतो. नाव विचारा, पासवर्ड विचारा, पासवर्डच्या प्रत्येक अक्षराला एक स्टार छापा. टर्बो सीमध्ये हे एकेक की वाचणारं गेटसीएच() वापरून होतं: १३ आला की एंटर, ८ आला की बॅकस्पेस, बाकी जे येईल ते अ‍ॅरेत. हाच प्रोग्राम लिनक्सवर नेला की पहिल्याच ओळीवर कंपायलर थांबतो, कारण कोनिओ.एच ही हेडर फाइल तिथे नसतेच.

गावच्या वाचनालयासाठी मी सभासदांची आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम सीमध्ये लिहितो आहे. मशीन जुनं आहे, त्यावर डेबियन लिनक्स, एक हलकं डेस्कटॉप आणि त्यात उघडलेलं टर्मिनल. सभासदाचं नाव आणि गाव मराठीत टाइप होणार. नोंद खोडायची किंवा दंड माफ करायचा असेल तर पासवर्ड लागणार. काउंटरवर बसणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, आणि मे महिन्यात कॉलेजची मुलं.

मला दोनच फंक्शनं हवी आहेत. एक प्रश्न दाखवून उत्तराची ओळ वाचणारं, दुसरं पासवर्ड वाचणारं. वरवर दहा-दहा ओळींचं काम वाटतं, पण जितकं वाचतोय तितके फाटे फुटताहेत. इथल्या अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं. तयार लायब्ररी वापरायला माझी ना नाही, पण आत काय चालतं ते समजून घ्यायचं आहे.

सी_शिक्षिका

चांगला विषय काढलात. आधी साध्या ओळीबद्दल लिहिते, कारण पासवर्डचे निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांची नेहमीची तक्रार: "मॅडम, वय विचारलं, मग नाव विचारलं, तर नावाचा प्रश्न थांबतच नाही, सरळ पुढे जातो." स्कॅनएफ() वयाचे आकडे उचलतो आणि एंटर तिथेच सोडून देतो. पुढचं फंक्शन तो एंटर म्हणजेच रिकामं नाव समजतं. यावर गाइडांमध्ये छापलेला उपाय म्हणजे एफफ्लश(एसटीडीइन). सीच्या प्रमाणात एफफ्लश() फक्त आउटपुटसाठी आहे, इनपुटवर वापरलं तर काय होईल हे प्रमाण सांगतच नाही. एका कंपायलरवर चाललं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

उपाय सोपा आहे आणि एकदा अंगवळणी पडला की परत स्कॅनएफ()कडे जावंसं वाटत नाही. उत्तर काहीही असो, आधी अख्खी ओळ वाचायची, मग तिचा अर्थ लावायचा. आकडा हवा असेल तर ओळ स्ट्रटोल()ला द्यायची आणि ते कुठे थांबलं हे दाखवणारा पॉइंटर तपासायचा. "45ब" हे उत्तर स्कॅनएफ() ४५ म्हणून मुकाट्याने घेतो. स्ट्रटोल() वापरलंत तर मागे काहीतरी उरलंय हे तुम्हाला कळतं आणि प्रश्न पुन्हा विचारता येतो. (स्ट्रटोल()ला फक्त इंग्रजी आकडे समजतात. काउंटरवर कोणी मराठी आकडे टाइप करणार असेल तर ते आधी तुम्हालाच बदलून घ्यावे लागतील.)

ओळ वाचायला गेट्स() कधीही नाही. त्याला अ‍ॅरेचा आकार सांगायची सोयच नाही, समोरचा जितकं पाठवेल तितकं ते लिहीत सुटतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेला मॉरिस वर्म हा नेटवर्कवरून स्वतः पसरणारा प्रोग्राम अनेक वाटांनी पसरला, त्यातली एक फिंगर सर्व्हरमधलं (वापरकर्त्यांची माहिती देणारा प्रोग्राम) गेट्स() ही होती. तिथला बफर ५१२ बाइटचा होता, वर्मने त्याहून जास्त पाठवले. सी११ प्रमाणात ते फंक्शन शेवटी काढूनच टाकलं, तरी आपल्याकडच्या जर्नलांत ते अजून दिसतं याचं मनापासून वाईट वाटतं.

एफगेट्स() वापरा, पण दोन गोष्टी सांभाळा. ओळीच्या शेवटचा एंटर ते तसाच ठेवतं, तो काढायचा. आणि एंटर सापडलाच नाही तर ओळ बफरपेक्षा मोठी आहे. उरलेला भाग मागे राहतो आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर बनतो. नावाच्या बाबतीत गावाच्या रकान्यात आडनाव जाईल. पासवर्डच्या बाबतीत त्याचा उरलेला तुकडा पुढच्या प्रश्नात सगळ्यांसमोर स्क्रीनवर येऊ शकतो. पॉझिक्स या युनिक्स-कुळाच्या प्रमाणातलं गेटलाइन() लागेल तितकी जागा स्वतः घेतं, लिनक्सवर मी तेच सुचवेन.

आणि कंट्रोल-डी. उत्तर न देता इनपुटच संपलं तर एफगेट्स() नल देतं, गेटलाइन() -१ देतं. ते न तपासता "चुकीचं उत्तर, पुन्हा द्या" असा लूप लिहिला असेल तर स्क्रीन अखंड धावत राहते.

रेवदंडा

वाचनखूण साठवली. वाचतोय.

जुना_युनिक्सवाला

पासवर्डकडे वळतो. सगळ्यात आधी हे पक्कं व्हायला हवं की तुम्ही 'क' दाबला की स्क्रीनवर 'क' कोण उमटवतं. तुमचा प्रोग्राम नाही. कर्नलमधला टर्मिनल ड्रायव्हर उमटवतो. तोच बॅकस्पेस सांभाळतो, तोच ओळ जमवतो आणि एंटर दाबल्यावर पूर्ण ओळ प्रोग्रामच्या हाती देतो. म्हणून पासवर्ड लपवणं म्हणजे अक्षर झाकणं नव्हे. ड्रायव्हरला "थोडा वेळ उमटवू नकोस" असं सांगणं. टर्मिनलची सेटिंग ठेवणाऱ्या टर्मिओस रचनेत त्यासाठी इको नावाचा एक बिट आहे. टर्बो सीमध्ये प्रत्येक अक्षर स्वतः उचलावं लागायचं, म्हणून आपल्याकडे त्याच पद्धतीने विचार करायची सवय लागली.

हा प्रश्न स्क्रीनपेक्षाही जुना आहे. एमआयटीच्या सीटीएसएस या अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या सिस्टिममध्ये १९६० च्या दशकात एकाच यंत्रावर अनेकांच्या खाजगी फाइली आल्या आणि पासवर्ड आला. तेव्हाचे टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारे टाइपरायटर. काहींचं छापणं यंत्राकडून बंदच करता येत नसे. अशा ठिकाणी मल्टिक्स हे त्यानंतरचं ऑपरेटिंग सिस्टिम आधी त्याच जागी अक्षरांवर अक्षरं छापून काळा पट्टा तयार करायचं आणि मग त्या पट्ट्यावर पासवर्ड टाइप करायला लावायचं. टोपलीतला कागद कोणी उचलला तरी वाचता येऊ नये म्हणून.

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) गेटपास() हे तयार फंक्शन आलं. ते फक्त आठ अक्षरं परत द्यायचं. त्या काळचं पासवर्ड सांकेतिक करणारं क्रिप्ट() प्रत्येक अक्षराचे ७ बिट घेऊन ५६ बिटांची डीईएस किल्ली बनवायचं, म्हणून आठ. तुम्ही बारा अक्षरांचा पासवर्ड ठेवला असेल तर शेवटची चार काहीही टाका, दार उघडायचं, आणि हे वापरणाऱ्याला कोणी सांगत नसे. उत्तर ते एका कायमच्या स्थिर बफरमध्ये ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा बोलावलं की पहिलं पुसलं जायचं. पासवर्ड दोनदा विचारून ताडून पाहणाऱ्यांना हे भोवायचं. १९९७ च्या युनिक्स प्रमाणात त्यावर जुनाट असा शिक्का बसला आणि २००१ च्या पॉझिक्समधून ते गेलं. ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत आजही सापडतं, पण मॅन पेजवर स्पष्ट लिहिलंय की वापरू नका.

तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर क्रम असा ठेवा. /डेव्ह/टीटीवाय म्हणजे थेट टर्मिनल उघडा, स्टँडर्ड इनपुटवर विसंबू नका. टीसीगेटअ‍ॅटर()ने सध्याची स्थिती घ्या आणि तिची एक प्रत बाजूला ठेवा. दुसऱ्या प्रतीत इको बंद करा, इकोएनएल चालू ठेवा, म्हणजे अक्षरं दिसणार नाहीत पण एंटर दाबल्यावर कर्सर खालच्या ओळीवर जाईल. ही प्रत टीसीसेटअ‍ॅटर()ने लावा, आणि लावताना टीसीसाफ्लश हा पर्याय द्या. त्याने आधीच टाइप होऊन पडलेली अक्षरं फेकली जातात, ती पासवर्डात मिसळत नाहीत. प्रश्न याच्या नंतर छापा. आधी छापलात तर कोणी प्रश्न दिसताक्षणी टाइप करू लागलं की पहिली दोन अक्षरं स्क्रीनवर उमटतील किंवा फ्लशमध्ये गायब होतील. मग ओळ वाचा आणि बाजूला ठेवलेली मूळ प्रत परत लावा. "इको चालू करा" असं करू नका, मूळ जे होतं तेच लावा. तुम्ही येण्याआधीच कोणी इको बंद करून ठेवला असेल तर तो चालू करण्याचा अधिकार तुमच्या फंक्शनला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मधेच कोणी कंट्रोल-सी दाबलं तर? प्रोग्राम मरतो आणि इको बंदच राहतो. माणूस शेलवर परत येतो, टाइप करतो, काहीच दिसत नाही. निवृत्त गुरुजी यंत्र बिघडलं समजून मशीन बंद करतील. म्हणून सिग्नल पकडायचा, टर्मिनल मूळ स्थितीत आणायचं, आधीचा हँडलर परत बसवायचा आणि मग तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवायचा, म्हणजे प्रोग्राम खरोखर ज्या कारणाने मरायला हवा त्याच कारणाने मरेल. कंट्रोल-झेडचंही तसंच: थांबताना स्थिती पूर्ववत, परत आल्यावर इको पुन्हा बंद आणि प्रश्न पुन्हा.

हे सगळं नीट केलेलं वाचायचं असेल तर ओपनबीएसडी या युनिक्स-कुळातल्या सिस्टिमचं रीडपासफ्रेज() उघडा, ते २.९ आवृत्तीपासून आहे. डेबियनवर लिबबीएसडी या लायब्ररीमधून थेट वापरताही येतं. आकार तुम्ही द्यायचा, बफर तुमचा, आणि टर्मिनल नसेल तर पुढे जायचं की नाही हेही तुम्हीच सांगायचं. मी लिहिलेले बहुतेक मुद्दे त्या एका फाइलमध्ये दिसतील. मला तो कोड फार आवडतो. एवढंसं काम, पण किती मन लावून केलंय.

बॅशबहाद्दर

छान लिहिलंय. एक भर. सिग्नलने मेलेल्या प्रोग्रामनंतर बॅश टर्मिनलची आधीची स्थिती स्वतः परत लावतो, त्यामुळे बॅशमध्ये तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. प्रत्येक शेल असं करत नाही. तेव्हा तपासताना साध्या शेलमध्ये तपासा. अडकलात तर न दिसणाऱ्या ओळीवरच "एसटीटीवाय सेन" टाइप करून एंटर द्यायचा.

स्क्रिप्टमध्ये हेच काम रीड कमांडच्या -एस पर्यायाने होतं. सोबत -आर द्या, नाहीतर पासवर्डातला उलटा तिरका दांडा खाल्ला जातो. आणि आयएफएस (ओळ कुठे तोडायची ते सांगणारं व्हेरिएबल) रिकामं ठेवा, नाहीतर सुरुवातीची-शेवटची स्पेस जाते.

पायथनप्रेमी

पायथनमध्ये गेटपास नावाचं मॉड्यूल प्रमाण लायब्ररीतच आहे आणि वर सांगितलेलं बरंचसं ते करतं: आधी /डेव्ह/टीटीवाय, मूळ स्थिती परत लावणं, सगळं. इको बंद करता आला नाही तर ते इशारा छापतं आणि मग उघडपणे वाचतं. काही एडिटरांच्या आतल्या खिडकीत प्रोग्राम चालवला की हा इशारा येतो. नवशिके त्याकडे दुर्लक्ष करतात, करू नये. ३.१४ मध्ये अक्षरामागे स्टार दाखवायची सोयही आली.

इनपुट()बद्दलही सांगतो. पायथन २ मधलं इनपुट() समोरच्याने टाइप केलेलं थेट पायथनचा कोड म्हणून चालवायचं. वय विचारलं आणि कोणी फाइल खोडणारी ओळ टाइप केली तर ती चालायची. सुरक्षित फंक्शन रॉ_इनपुट() होतं. २००८ च्या पायथन ३ मध्ये रॉ_इनपुट()लाच इनपुट() हे नाव दिलं आणि जुनं काढलं. जुन्या स्क्रिप्ट सांभाळणाऱ्यांनी हे तपासून पाहावं.

जावावाली

जावात कन्सोलचं रीडपासवर्ड() स्ट्रिंग देत नाही, कॅरेक्टरांचा अ‍ॅरे देतं. स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून पुसताही येत नाही. अ‍ॅरे काम झाल्यावर शून्यांनी भरता येतो. पण लोक पुढच्याच ओळीत त्याची स्ट्रिंग करतात आणि सगळा फायदा घालवतात.

जुना_युनिक्सवाला

@जावावाली, बरोबर. सीमध्येही हेच आहे. शेवटी मेमसेट()ने बफर पुसलात आणि नंतर तो बफर कुठेच वापरला नाही, तर ऑप्टिमायझर ती ओळ अनावश्यक म्हणून काढून टाकू शकतो. त्यासाठी एक्सप्लिसिट_बीझीरो() आहे, ग्लिबसीमध्ये २.२५ पासून. सी२३ प्रमाणात मेमसेट_एक्सप्लिसिट() आलंय.

काउंटरताई

मी प्रोग्रामर नाही, एका ग्रंथालयात काउंटरवर काम करते. माझा मुद्दा वापरणाऱ्याच्या बाजूचा. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसलं नाही तर आमच्याकडचे अर्धे लोक थांबतात. की दाबली गेली का? किती अक्षरं झाली? मग सगळं खोडतात, पुन्हा टाइप करतात, आणि दोनदा दाबलेल्या अक्षरामुळे चुकतं. स्टार दिसले तर काय बिघडतं? मोबाइलवर, एटीएमवर दिसतातच ना?

जुना_युनिक्सवाला

ताई, मुद्दा खरा आहे. जुनं उत्तर असं की स्टार मोजून लांबी कळते. पण लांबी तर शेजारी उभा असलेला माणूस कीच्या आवाजावरूनही मोजू शकतो.

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. स्टार दाखवायचे तर ड्रायव्हरचं ओळ जमवण्याचं काम बंद करून प्रत्येक अक्षर आपण उचलायचं. मग बॅकस्पेस आपला, कंट्रोल-यू आपला, मर्यादा आपली. सूडोसारख्या, रूटच्या म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या हक्काने कमांड चालवणाऱ्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये नेमकी इथेच चूक निघाली. त्यात स्टार दाखवणारा पीडब्ल्यूफीडबॅक पर्याय आहे. ओळ पूर्ण खोडायची खूण आली की ते छापलेले स्टार पुसायला जायचं. पुसण्याचं लिहिणं अयशस्वी झालं (समोर टर्मिनल नसून पाइप असेल तर होतं) की उरलेल्या जागेचा आकडा पुन्हा पूर्ण व्हायचा, पण बफरमधली जागा मागे यायची नाही. मग पुढची अक्षरं बफरच्या बाहेर. हा दोष २०२० च्या सुरुवातीला जाहीर झाला आणि १.८.३१ मध्ये दुरुस्त झाला. मूळ सूडोत पर्याय बंद असायचा, पण लिनक्स मिंट आणि एलिमेंटरी ओएसने तो चालू करून दिला होता. पासवर्ड माहीत नसलेला साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता, तेही काही स्टार दिसावेत म्हणून लिहिलेल्या कोडमुळे.

सी_शिक्षिका

दोघांचंही पटतं. यातून एक मधला मार्ग आहे आणि तो फुकट आहे: प्रश्नाच्या मजकुरातच सांगा. "पासवर्ड:" एवढंच न लिहिता "पासवर्ड टाइप करा व एंटर दाबा (टाइप करताना अक्षरं दिसणार नाहीत):" असं लिहा. आपण आतल्या कोडवर इतका जीव टाकतो आणि माणूस जे एकच वाक्य वाचणार आहे ते दोन सेकंदांत लिहून मोकळे होतो. गावाचा रकाना सोडून दिला तर चालतो का, तारीख कशी लिहायची, काही न लिहिता एंटर दिला तर काय धरलं जाईल, हे सगळं त्या एका ओळीत मावतं.

काउंटरताई

हे चालेल! एवढं लिहिलेलं असलं तरी पुरे.

अनुस्वार

मराठी टाइप होणार म्हटल्यावर राहवलं नाही. धागाकर्त्यांनी हा भाग हलक्यात घेऊ नये.

गाव "कऱ्हाड" घ्या. यातला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पाय मोडायचा: सहा युनिकोड चिन्हं, १८ बाइट. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग पाय मोडायचा: सात चिन्हं, २१ बाइट. तीन, साधा र, पायमोड आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह: पुन्हा सात चिन्हं, २१ बाइट, पण वेगळे. कोणता कीबोर्ड किंवा टायपिंगचं कोणतं सॉफ्टवेअर आहे त्यावर हे ठरतं. स्क्रीनवर तिन्ही सारखे, पण मजकूर ताडून पाहणाऱ्या स्ट्रकंप()ला तीन वेगळी गावं. गोऱ्हे आडनावाचे सभासद शोधताना निम्मे सापडणार नाहीत.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण पहिला आणि दुसरा प्रकार एक करतं. तिसरा नाही, तो तुम्हालाच वाचल्यावर लगेच बदलून घ्यावा लागेल: र, पायमोड, झेडडब्ल्यूजे असा क्रम दिसला की ऱ आणि पायमोड. हे ओळ वाचणाऱ्या फंक्शनमध्येच, एका जागी करा. शोधताना करू म्हणाल तर कुठेतरी राहून जाईल.

दुसरं, बॅकस्पेस. ड्रायव्हरला इनपुट यूटीएफ-८ आहे हे आययूटीएफ८ बिटने सांगितलेलं नसेल तर एक बॅकस्पेस एकच बाइट खोडतो आणि तीन बाइटच्या अक्षराचे दोन बाइट मागे राहतात. बिट चालू असला तरी तो एका वेळी एक युनिकोड चिन्ह खोडतो आणि कर्सर एक घर मागे नेतो. "कु"मधला उकार वेगळं घर घेत नाही, त्यामुळे स्क्रीनवरचं आणि आतलं यांचा मेळ सुटतो. नावांसाठी ग्नू रीडलाइन वापरा, अक्षरांची रुंदी ते पाहतं. सगळं निर्दोष होत नाही, पण फरक मोठा आहे. पासवर्डला मात्र रीडलाइन नको.

आणि पासवर्ड देवनागरीत घेऊच नका असं मी सांगेन. मला मराठीचं प्रेम कमी नाही. पण इथे अक्षरं दिसत नाहीत, आणि वरच्यासारखे तीन प्रकार न दिसता टाइप होणार. घरी एका कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड काउंटरवर चालणार नाही आणि कारण कोणालाच कळणार नाही. शिवाय पासवर्ड साठवण्यासाठी सांकेतिक करणारं बीक्रिप्ट पहिल्या ७२ बाइटांपलीकडे पाहत नाही. देवनागरीची ती २४ चिन्हंच झाली.

नेहमी घडणारी गोष्ट वेगळीच असेल. सभासदाचं नाव टाइप करताना कीबोर्ड मराठीवर असेल, लगेच पासवर्ड विचारला जाईल आणि माणूस तसाच टाइप करेल. म्हणून वाचलेल्या ओळीत १२७ च्या वरचा एकही बाइट दिसला तर "पासवर्ड चुकला" म्हणू नका. "कीबोर्ड मराठीवर आहे, इंग्रजीवर आणून पुन्हा टाइप करा" असं सांगा. ही तपासणी दोन ओळींची आहे.

बॅशबहाद्दर

+१. हा शेवटचा मुद्दा मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

माझ्याकडून आणखी एक: विचारायचा कंटाळा म्हणून पासवर्ड कमांडच्या शेजारी लिहायची सोय ठेवू नका. तो शेलच्या हिस्टरीत राहतो आणि चालू असताना प्रोग्रामांची यादी देणाऱ्या पीएस कमांडमध्ये त्याच मशीनवरच्या इतरांना दिसू शकतो. मायएसक्यूएलचा क्लायंट म्हणूनच -पीच्या पुढे काही न लिहिल्यास पासवर्ड विचारतो, आणि लिहिलात तर इशारा देतो.

कोकणकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलंय ते असं: नावं-गावं रीडलाइनने, वाचल्याबरोबर अनुस्वार यांनी सांगितलेला बदल आणि एनएफसी. पासवर्ड लिबबीएसडीच्या रीडपासफ्रेज()ने, फक्त इंग्रजी अक्षरांत, स्टार नाहीत, पण काउंटरताई आणि सी_शिक्षिका यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रश्नातच सूचना.

दोन शंका उरल्या. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) बॅकअप चालतो, तिथे पासवर्ड विचारायला माणूसच नसतो. फंक्शनने काय करावं? आणि चुकला तर किती वेळा विचारावं?

जुना_युनिक्सवाला

क्रॉनखाली टर्मिनल नसतं, त्यामुळे /डेव्ह/टीटीवाय उघडतच नाही, ईएनएक्सआयओ ही चूक येते. तिथे गुपचूप स्टँडर्ड इनपुटकडे वळू नका. रीडपासफ्रेज()ला आरपीपी_रिक्वायर_टीटीवाय द्या, म्हणजे ते नल देईल. तुम्ही एरर आउटपुटवर एक ओळ लिहून शून्येतर कोडने बाहेर पडा. बॅकअपला दंड माफ करायचा नसतो, तेव्हा त्याला या पासवर्डची गरजच पडू नये अशी रचना करा. फाइल वाचण्यापुरती परवानगी असलेला वेगळा युजर पुरेल.

किती वेळा याला ठराविक उत्तर नाही. सूडो मूळ सेटिंगमध्ये तीनदा विचारतो. तुम्हीही तीन ठेवा, प्रत्येक चुकीनंतर दोन सेकंद थांबा, आणि कीबोर्ड मराठीवर असल्यामुळे फसलेला प्रयत्न त्या तिनांत मोजू नका.